लहान विमान, मोठे विमान आणि तोट्याची वाटणी
(पिंपळगाव रेणुकाई येथील व्याख्यानाचा सारांश)



पिंपळगाव रेणुकाईची हिरवी मिरची ट्रकमधून परराज्यांत जाते. भोकरदन तालुक्यातून जाणारा जालना–जळगाव लोहमार्ग केंद्राने 2024 साली मंजूर केला; त्यावरून गाडी धावणे अजून बाकी आहे. अशा गावात विमानांच्या आकाराची चर्चा कशाला, ही शंका रास्त आहे. परंतु प्रश्न एस.टी.चाच आहे : तोट्याचा मार्ग कोणी चालवायचा आणि तो तोटा कोणी सोसायचा?

विमान पन्नास आसनांचे असो वा एकशे ऐंशी आसनांचे, वैमानिक दोनच लागतात. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते; तेथे लहान विमानही मोठ्याइतकीच एक पाळी अडवते. साहजिकच भरलेल्या मोठ्या विमानात दर आसनामागे खर्च कमी पडतो. मात्र नांदेड-जळगावला रोज एवढे प्रवासी कोठून येणार? तेथे मोठे विमान आठवड्यातून एकदोनदा येण्यापेक्षा लहान विमान रोज येणे लोकांच्या सोयीचे. त्यातही जेट विमानाची खरी काटकसर उंचावरील लांब प्रवासात असते. तीनचारशे किलोमीटरवर ते वर चढते न चढते तोच उतरू लागते. एवढ्या अंतरासाठी सत्तर आसनांचे, पंख्यांचे एटीआर विमान कमी इंधनात काम भागवते.

हे तंत्रज्ञांचे गणित झाले. निर्णय मात्र नफ्याच्या गणितावर होतो. मुंबईतील दुर्मीळ पाळी कंपनी दिल्लीच्या मोठ्या विमानाला देणार, जळगावच्या लहान विमानाला नव्हे.

1981 साली एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून ‘वायुदूत’ काढली. लहान गावांना जोडणारी ही सार्वजनिक सेवा तोट्यात गेली आणि 1993 साली इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. मग ‘उडान’ आली. 27 एप्रिल 2017 रोजी सुरू झालेल्या तिच्या पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबाद होता. निम्म्या आसनांना तासाभराच्या प्रवासासाठी अडीच हजारांची कमाल मर्यादा, आणि कंपनीची तूट भरण्यासाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार. सधन मार्गाने दुर्बल मार्गाला हात द्यावा, हे तत्त्व योग्यच आहे.

परंतु अनुदान तीन वर्षांचे, आणि बांधिलकीही तेवढीच! जळगावला डिसेंबर 2017 मध्ये अठरा आसनी विमान आले. ते चालवणारी एअर डेक्कन 2020 साली बंद पडली. नांदेड व जळगावला सेवा देणारी ट्रूजेट 2022 साली थांबली. महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालानुसार, पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत; सुरू झालेल्या 371 पैकी 112 नीच तीन वर्षे पुरी केली, आणि त्यानंतर मार्च 2023 पर्यंत टिकले केवळ 54.

1948 साली सुरू झालेल्या एस.टी.ने भरगच्च मार्गांच्या उत्पन्नावर आडगावच्या गाड्या चालवल्या. तेथे नफा आणि तोटा दोन्ही एकाच सार्वजनिक तिजोरीत जमा होत. येथे तोटा समाजाचा आणि निघून जाण्याचे स्वातंत्र्य कंपनीचे, अशी वाटणी झाली आहे.

म्हणून विरोध लहान विमानाला नाही. अनुदानाच्या बदल्यात दीर्घ मुदतीचा सेवाकरार हवा, मुंबईत लहान शहरांसाठी राखीव पाळ्या हव्यात, आणि विमानाची निवड अंतर पाहून व्हावी. विमानतळाच्या कोनशिलेपुढे टाळ्या वाजवण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न विचारावेत : चौथ्या वर्षी येथे विमान उतरेल काय? आणि मिरचीची आगगाडी कधी येणार?