मुक्त व्यवसाय आणि नकाराची शिस्त



नोकरीऐवजी कामागणिक मोबदला घेऊन उपजीविका करणाऱ्यांचा वर्ग देशात झपाट्याने वाढत आहे. नीती आयोगाच्या जून २०२२ मधील अहवालानुसार २०२०-२१ मध्ये गिग आणि मंच-आधारित कामगारांची संख्या सुमारे ७७ लाख होती. २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होईल, असा अंदाज त्यात वर्तविला आहे. अनुवादक, आरेखनकार, संगणक प्रणाली लिहिणारे, हिशेबनीस असे अनेक मुक्त व्यावसायिकही आज याच वाटेने चालले आहेत. काम मिळविण्याचे मार्ग त्यांना शिकविले जातात. हाती आलेले काम केव्हा नाकारावे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

एका अनुवादकाचे उदाहरण घेऊ. समजा, तो दिवसाकाठी २,००० शब्दांचा चांगला अनुवाद करू शकतो आणि महिन्यातील २५ दिवस काम करतो. त्याची मासिक क्षमता ५०,००० शब्दांची झाली. तीन ग्राहकांचे मिळून ४८,००० शब्द त्याने स्वीकारले आहेत. म्हणजे एकच दिवस मोकळा उरतो. महिना अर्ध्यावर आला असता त्यांपैकी एक ग्राहक आणखी १०,००० शब्द पाठवितो आणि 'मुदत तीच' असे कळवितो. हे पाच दिवसांचे काम आहे. कमी पडणारे चार दिवस कोठून आणायचे? एक तर ते अन्य दोन ग्राहकांच्या वाट्यातून जातात किंवा अनुवादकाच्या झोपेतून. दोन्ही प्रसंगी कामाचा दर्जा ढासळतो आणि 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी गत होते. म्हणूनच आग्रही ग्राहकाला मर्यादा सांगणे म्हणजे इतरांना दिलेला शब्द पाळणे होय.

हाती असलेला ग्राहक दुरावेल ही भीती निराधार नाही. ज्याचे निम्मे उत्पन्न एकाच ग्राहकावर अवलंबून आहे, त्याला नकार देणे जड जातेच. त्यामुळे कोरडा नकार देण्याऐवजी निवड ग्राहकाच्या हाती द्यावी. "नवे प्रकरण आधी हवे असल्यास जुन्या कामाची मुदत पाच दिवसांनी वाढेल, जुने काम ठरल्या दिवशी हवे असल्यास नवे पुढील महिन्यात हाती घेता येईल. वाढीव कामाचा मोबदला स्वतंत्र राहील," एवढे दोन-तीन वाक्यांचे पत्र पुरते. त्यात क्षमायाचना नको आणि रोषही नको. मात्र ते मागणी येताच पाठवावे. मुदतीच्या आदल्या रात्री कळविलेली अडचण ग्राहकाला सबबच वाटते.

कायद्याचे पाठबळही समजून घेतले पाहिजे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ नुसार, मुदत हा कराराचा गाभा असेल आणि ती चुकली, तर समोरच्या पक्षास करार रद्द करण्याचा अधिकार मिळतो. भिडेखातर मान्य केलेली अशक्य तारीख अशी अंगाशी येते. दुसऱ्या बाजूने, कलम ७० नुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे केलेल्या कामाचा लाभ त्याने घेतला, तर भरपाई देणे त्याच्यावर बंधनकारक ठरते. परंतु हेतू सिद्ध करायचा तर लेखी नोंद हवी.

पुनःपुन्हा दुरुस्त्या मागणाऱ्या आणि पैसे लांबविणाऱ्या ग्राहकांच्या बाबतीत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ उपयोगी पडतो. सूक्ष्म व लघु सेवा उद्योगांनाही त्याचा लाभ मिळतो. सेवेबाबतचा आक्षेप ग्राहकाने १५ दिवसांत लेखी न कळविल्यास ती स्वीकारली असे मानले जाते. लेखी करार असला तरी देयकाची मुदत स्वीकृतीपासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. यासाठी १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी निःशुल्क आहे. ती काम स्वीकारण्यापूर्वीच करणे श्रेयस्कर.

तथापि कायदा हा अखेरचा आधार. त्याआधी कामाची व्याप्ती, दुरुस्त्यांच्या फेऱ्या, संपर्काच्या वेळा, आगाऊ रक्कम आणि वाढीव कामाचा दर हे पाच मुद्दे काम घेतानाच एका कागदावर यावेत. महिन्याच्या क्षमतेपैकी सुमारे पाचवा हिस्सा राखून ठेवावा. आजारपण आणि अनपेक्षित दुरुस्त्या त्यातच सामावतात. उदाहरणातील अनुवादकाने ४८,००० ऐवजी ४०,००० शब्दच स्वीकारले असते, तर त्याच्या हाती पाच दिवस उरले असते आणि ग्राहकाची ती निकडही त्याला भागविता आली असती.