बाटलीतले बळ आणि वेळेवरची तपासणी
(महोत्सवी महिला मेळाव्यातील भाषण)



संस्थेच्या वैद्यकीय मदत समितीच्या वतीने आम्ही दोन शब्द सांगणार आहोत. महोत्सवानिमित्त एका उदार सभासदांनी गरोदर भगिनींना ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्यांच्या बाटल्या वाटण्यासाठी देणगी देऊ केली आहे. हेतू थोर आहे. तथापि त्या बाटल्या वाटू नयेत, अशी आमची नम्र विनंती आहे.

गेल्या वर्षी आपल्याच परिवारातील एका सुनेचे डोहाळजेवण होते. तिचे तोंड भरलेले दिसत होते. “बाळसं आईलाच आलंय!” असे म्हणून साऱ्यांनी कौतुक केले, आम्हीही केले. ती अशाच गोळ्या नेमाने घेत होती, आणि त्या भरवशावर दोन तपासण्या चुकल्या होत्या. ते तेज नव्हते, सूज होती. चौथ्या रात्री तिला झटके आले. देवदयेने आई वाचली. बाळ मात्र अपुऱ्या दिवसांचे जन्मून महिनाभर काचेच्या पेटीत राहिले.

या विकारास डॉक्टर प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. बहुधा पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. प्राणवायूच्या व्यवहारातून देहात पेशींना अपाय करणारे कण उत्पन्न होतात, त्यांचा जोर या विकारात वाढलेला आढळतो. ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे त्या कणांना आवर घालतात. तेव्हा ती भरपूर दिली की विकार टळेल, असे शास्त्रज्ञांनी अनुमान बांधले. १९९९ साली लंडन येथील २८३ स्त्रियांवरील प्रयोगाने तशी आशाही दाखविली. परंतु २००६ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी सुमारे २४०० स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. विकार टळला नाही. उलट कमी वजनाची बालके अधिक जन्मली. २०१० साली अमेरिकेत सुमारे १०,००० स्त्रियांवरील प्रयोगातही लाभ दिसला नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही या कामी ही जीवनसत्त्वे देऊ नयेत असे सांगितले.

याचा अर्थ गोळ्या मुळीच नकोत, असा नव्हे. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या आणि गिरणीकामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी दाखविले. त्यातूनच पुढे फॉलिक आम्लाचा शोध लागला. जे कमी आहे ते भरून काढले, म्हणून गुण आला. आजही लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात; त्या नेमाने घ्याव्यात. कॅल्शियमची गोळी त्यांच्याबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्यावी. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जोरकस गोळ्या आपल्या मनाने कदापि घेऊ नयेत. त्यांनी गर्भास अपाय होतो.

‘क’ जीवनसत्त्व ताटातच आहे. आवळा, पेरू, वरणभातावर पिळलेले लिंबू यांनी अन्नातील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा मात्र टाळावा.

आता देणगीविषयी. त्या रकमेतून रक्तदाब मोजण्याचे यंत्र व लघवी तपासण्याच्या पट्ट्या घ्याव्यात, आणि उरलेल्या पैशातून गरजू भगिनींना दवाखान्यापर्यंतचे रिक्षाभाडे द्यावे. रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक आढळल्यास, डोके असह्य दुखल्यास, डोळ्यांपुढे अंधारी आल्यास, तोंडाहातांवर एकाएकी सूज दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ज्यांना धोका अधिक, त्यांना डॉक्टर आरंभीच अॅस्पिरिनची लहान मात्रा देतात. तीही त्यांच्याच सल्ल्याने घ्यावी.

सासूबाईंना आमची एवढीच विनवणी: सुनेची ओटी भरण्यापूर्वी तिची तपासणी झाली की नाही, हे विचारा. आम्ही त्या दिवशी विचारले नाही.