पुराव्याचा पत्ता

लेख लिहून पुरा झाला, शेवटचें वाक्य मनासारखें उतरलें, आतां तो संशोधन-त्रैमासिकाच्या संपादकांकडे धाडावयाचा, इतक्यांत लेखकाच्या ध्यानांत येतें कीं, संदर्भांची यादी करावयाची अद्याप तशीच राहिली आहे. मग जुन्या वह्या उलटसुलट होऊं लागतात. कोठें ग्रंथकाराचें नांव सांपडतें तर पृष्ठांक नाहीं. पृष्ठांक आहे तर आवृत्ति कोणती, तें लिहिलेलें नाहीं. स्वल्पविराम कोठें आणि पूर्णविराम कोठें, या विवंचनेंत रात्र सरते, आणि लेखक त्रासून म्हणतो, "ही कारकुनी माझ्या कपाळीं कशाला?" या कारकुनीची बाजू आज मला आपल्यापुढें मांडावयाची आहे.

मीहि एके काळीं असाच त्रासत असें. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका लेखांत मीं एका जुन्या ऐतिहासिक पत्राचा आधार दिला. तें पत्र ज्या खंडांत छापलें होतें तो खंड मीं पाहिला नव्हता. दुसऱ्याच एका ग्रंथाच्या तळटीपेंतून खंड व पृष्ठांक उतरून घेतला होता. लेख प्रसिद्ध झाल्यावर दूरच्या तालुक्याच्या गांवाहून एका शिक्षकांचें कार्ड आलें. सुट्टीचा दिवस खर्चून ते पुण्यास आले होते, ग्रंथालयांत बसून त्यांनीं तें पान उघडलें होतें, आणि त्या पानावर तें पत्र नव्हतें. कार्डांत रागाचा एक शब्द नव्हता. पृष्ठांक तपासून कळवावा, म्हणजे पुन्हां येतां येईल, एवढीच विनंति होती. त्या दिवशीं मला संदर्भ म्हणजे काय, तें कळलें. संदर्भ हा विद्वत्तेचा दागिना नव्हे. तो पुराव्याचा पत्ता आहे. "माझ्या शब्दावर विसंबूं नका, येथें जाऊन स्वतः पाहा," असें वाचकाला दिलेलें तें वचन आहे. पत्ता चुकला कीं वचन मोडलें.

हा पत्ता लिहिण्याच्या आज रूढ असलेल्या पद्धति मुख्यतः तीन. पहिली तळटीपेची. इतिहासाचे अभ्यासक तिला धरून आहेत. कारण दप्तरांतल्या कागदाला पुष्कळदां ना लेखकाचें नांव असतें ना साल, आणि त्याची हकीकत सांगावयास तळटीपेइतकी मोकळी जागा दुसरीकडे मिळत नाहीं. दुसरी, मजकुरांतच कंसांत लेखकाचें नांव व वर्ष देण्याची. हार्वर्ड येथील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनीं इ. स. १८८१ मध्यें गोगलगाईच्या वर्गांतील एका प्राण्यावर लिहिलेल्या निबंधांत ती वापरली, आणि तिचा उगम सामान्यतः तेथेंच मानला जातो. तिसरी अनुक्रमांकांची. इ. स. १९७८ मध्यें वैद्यकीय नियतकालिकांचे कांहीं संपादक कॅनडांतील व्हँकूव्हर येथें एकत्र जमले, त्यावरून तिला त्या शहराचें नांव पडलें. यांत श्रेष्ठ कोणती, हा वाद व्यर्थ होय. ज्या नियतकालिकाकडे लेख धाडावयाचा, त्याची जी पद्धति तीच आपली. त्याच्या सूचना आधीं वाचाव्या, ताजा अंक शेजारीं उघडून ठेवावा, आणि पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकच शिस्त पाळावी.

आपल्या मराठी ग्रंथांच्या बाबतींत दोन अडचणी विशेष येतात. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर शके छापलेले असतात. लेखक त्यांत ७८ मिळवून मोकळा होतो. परंतु शालिवाहन वर्ष चैत्रांत सुरू होत असल्यामुळें त्याचा शेवटचा भाग पुढच्या इसवी सनांत जातो. शके १८२० चा ग्रंथ १८९८ चा असेल किंवा १८९९ चाहि असेल. महिना ठाऊक नसल्यास मूळ शक देऊन पुढें १८९८-९९ असें लिहावें, हेंच प्रामाणिकपणाचें. दुसरी अडचण टोपणनांवांची. केशवसुत एके ठिकाणीं 'के' खालीं आणि कृष्णाजी केशव दामले दुसऱ्या ठिकाणीं 'दा' खालीं आले, तर परप्रांतींच्या वाचकाला ते दोन निराळे कवि वाटावयाचे. मुखपृष्ठावरील नांवानें नोंद करावी व खरें नांव चौकटी कंसांत द्यावें.

परंतु केवळ रूप शुद्ध असून भागत नाहीं. परदेशच्या एका प्रकाशकानें लेखकांना दिलेल्या सूचनांत नमुन्यादाखल एक काल्पनिक नोंद छापली होती. 'शास्त्रीय लेख लिहिण्याची कला' अशा अर्थाचें तिचें शीर्षक. साल २०००, खंड, पृष्ठांक सारें यथास्थित. असा निबंध मुळांत कोणीं लिहिलाच नव्हता. तरीहि तो सुमारें ४०० ठिकाणीं आधार म्हणून उद्धृत झाल्याचें २०१७ मध्यें उघडकीस आलें! कॅलिफोर्नियांतील दोन संशोधकांचें २००३ मध्यें प्रसिद्ध झालेलें कामहि असेंच बोलकें आहे. सुमारें ४३०० वेळां उद्धृत झालेल्या एका निबंधाच्या उल्लेखांपैकीं १९६ चुकीचे निघाले. पण निरनिराळ्या चुका पाहूं गेल्यास त्या अवघ्या ४५, आणि पृष्ठांकाची एकच चूक ७८ वेळां आलेली. इतके जण आपापल्या पायांनीं चालत येऊन एकाच दगडाला ठेंचकाळत नाहींत. एकानें दुसऱ्याची पाटी पाहून लिहिलें, एवढाच त्याचा अर्थ.

आज संगणक स्वल्पविराम जागच्या जागीं बसवून देतो. मजकूर रचणारीं नवीं यंत्रें तर कधीं न लिहिलेल्या ग्रंथाचीहि निर्दोष नोंद तयार करून देतात. म्हणून तर मूळ ग्रंथ स्वतः उघडून पाहणें आज पूर्वींहून अधिक अगत्याचें झालें आहे. ग्रंथ हातांत असतांनाच ग्रंथकार, शीर्षक, आवृत्ति, स्थळ, प्रकाशक, वर्ष व पृष्ठांक टिपून ठेवावे. मूळ पाहिलें नसेल, तर "अमुक ग्रंथांत उद्धृत" असें सरळ सांगावें. त्यांत कमीपणा नाहीं. आणि लेख धाडण्यापूर्वीं मजकुरांतला प्रत्येक उल्लेख यादींत आहे ना, व यादींतली प्रत्येक नोंद मजकुरांत आहे ना, हें बोट ठेवून पाहावें.

त्या शिक्षकांना मीं पंधरा दिवसांनीं उत्तर धाडलें. पत्र दुसऱ्याच खंडांत होतें. तें प्रथमच संपूर्ण वाचलें, तेव्हां दिसून आलें कीं, मीं त्यावर जें अनुमान उभारलें होतें, त्याला त्याचा आधार मुळींच नव्हता. पुढच्या अंकांत मला तसें लिहून द्यावें लागलें. पृष्ठांकाची चूक मला क्षुल्लक वाटली होती. तिच्या आड माझ्या लेखाचीच चूक दडून बसली होती.