ओसरीतला उजेड



आज तुमच्याशी फोटोविषयी बोलायचे आहे. माणसाचा फोटो, तोही काळा-पांढरा आणि घराबाहेर, सूर्याच्या उजेडात काढलेला. तुम्ही म्हणाल, "आता घरोघरी मोबाइल आहे. रोज फोटो निघतात. त्यात शिकायचं काय?" फोटो पुष्कळ निघतात, हे खरे. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा एक धड फोटो दाखवा म्हटले, तर किती घरांत निघेल?

आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या गावांतून फिरतो. एका घरी भिंतीवर एका बाईची तसबीर होती. बाई वारल्यावर मुलांनी लग्नाच्या घोळक्यातल्या फोटोतून तिचा चेहरा वेगळा काढून मोठा करून आणला होता. करणाऱ्याने चेहरा गोरा केला. सुरकुत्या पुसल्या. कपाळावरचे गोंदणही गेले. तसबिरीला हार होता, पण थोरली लेक आम्हाला हळूच म्हणाली, "ही आमची माय नोहे जी." जन्मभर बांधीच्या चिखलात रोवणी केलेली बाई, आणि भिंतीवर कोणी परकीच बसलेली. दुसरा फोटो घरात नव्हता. आता निघणारही नव्हता.

म्हणून हा विषय घेतला.

फोटोची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली. पंधरा वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी हे त्या काळी फोटो काढत. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. सगळा कारभार सूर्यावर. स्टुडिओलासुद्धा काचेचे छप्पर नाहीतर मोठी काचेची खिडकी लागे. उजेड पकडायला वेळ लागे, म्हणून माणसाला कितीतरी वेळ न हलता बसावे लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावत. जुन्या फोटोतली माणसे खांबासारखी ताठ का दिसतात, ते यावरून कळेल. बिचारी रागावलेली नसत.

पुढे बाजारात, जत्रेत पेटीचा कॅमेरा आला. तीन पायांवर लाकडी पेटी, तिला कापडाची बाही. रसायनांच्या ताटल्या पेटीच्या आतच. फोटोवाला बाहीतून हात घालून अंधारातच कागद धुई. आधी उलटा फोटो निघे, काळे ते पांढरे आणि पांढरे ते काळे. त्या कागदाचा पुन्हा फोटो घेतला की सुलटा होई. जयपुरात हवामहालासमोरचे असे पेटीवाले प्रसिद्ध होते. जाणता पेटीवाला गिऱ्हाइकाला भर उन्हात बसवत नसे. तो आधी सावली शोधी.

असे का? आपल्या भंडाऱ्याचेच पाहू. आपला जिल्हा कर्कवृत्ताच्या थोडा दक्षिणेला आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा सुरू असतो तेव्हा, भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. खांब रोवला तर त्याची सावली त्याच्या पायाशीच जिरते. असा उजेड वरून पडला की कपाळ चमकते, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे होतात आणि नाकाची सावली ओठावर मिशीसारखी बसते. हे ऊन धानाला वाळवायला चांगले, फोटोला नाही. डिसेंबरात मात्र दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम अर्ध्या आभाळापर्यंत चढतो. उजेड भुवयांच्या खाली शिरतो. दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात, पाहुणेरावळे घरी असतात. फोटो काढायचा तर हे दिवस बरे, आणि त्यातही सकाळ किंवा संध्याकाळ.

पण सगळ्यांत चांगली जागा घरालाच लागून असते. ती म्हणजे ओसरी. आपल्याकडे सपरी म्हणतात तीच. आजोबांना सपरीच्या कडेपासून हातभर आत बसवा. तोंड बाहेर, आभाळाकडे. ऊन अंगावर येऊ देऊ नका, पण समोर मोकळे आभाळ हवे. मग सगळ्या आभाळाचा उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो. मागे घरातला अंधार असतो, तो पडद्याचे काम करतो. आजोबांचे तोंड किंचित एका बाजूला वळवा. एक गाल उजळ, दुसरा थोडा गडद. सुरकुती न् सुरकुती दिसते, आणि डोळ्यांत आभाळाचा एक पांढरा ठिपका चमकतो. तो ठिपका आला की समजा, साधले.

झाडाखाली बसवायचे तर दाट आंब्याखाली बसवा. विरळ निंबाखाली ऊन पानांतून गळते आणि माणूस नागझिऱ्याच्या चितळासारखा ठिपक्यांचा दिसतो.

आता काळे-पांढरे कशासाठी? रंगीत फोटोत मागची निळी प्लॅस्टिकची खुर्ची, हिरवी भिंत, दोरीवरचे लाल लुगडे, सगळे डोळ्यांत भरते. रंग काढून टाकले की चेहरा उरतो. मात्र एक ध्यानात ठेवा. काळ्या-पांढऱ्यात तांबडा आणि हिरवा पुष्कळदा सारखेच करडे दिसतात. सावळ्या कपाळावरचे कुंकू जवळजवळ बुडून जाते. म्हणून रंग पाहू नका, उजळ काय आणि गडद काय ते पाहा. डोळे किलकिले करून माणसाकडे पाहिले की हा भेद चटकन कळतो.

सगळ्यांत मोठी चूक होते ती सावळ्या चेहऱ्याच्या बाबतीत. यंत्राला माणूस ओळखीचा नसतो. ते समोरच्या उजेडाची सरासरी धरते. पांढरे धोतर, पांढरा दुपट्टा, पांढरी टोपी समोर आली की यंत्राला वाटते, उजेड फार झाला. ते सगळेच अंधारून टाकते आणि आजोबांचे तोंड काळे ठिक्कर पडते. उलट, मागे फार अंधार असला तर तोंड भुरके होते. यावर उपाय सोपा आहे. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावरच बोट टेकवा. यंत्र मग चेहऱ्याचा हिशेब धरते. बहुतेक मोबाइलमध्ये बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्तही करता येतो. धोतर थोडे जास्त पांढरे झाले तरी चालेल. आपल्याला धोतराचा फोटो काढायचा नाही.

आणि ती चेहरा गुळगुळीत करायची सोय आधी बंद करा! ती सुरकुत्या खाते आणि रंग उजळवते. सावळ्या माणसाचा चांगला फोटो सावळाच असतो. पावडर फासून, रंग उडवून माणूस सुंदर होत नाही, तो दुसराच कोणी होतो. आम्हाला तर हा त्या माणसाचा अपमानच वाटतो.

पावसाळ्यात फोटो निघत नाही असे पुष्कळजण समजतात. आमचे मत उलटे आहे. ढग म्हणजे सूर्यावर पसरलेले धोतर. रोवणीच्या दिवसांत बांधीत पाणी भरलेले असते, ते आभाळाचा उजेड खालून वर फेकते. वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईच्या पदराखालचा चेहरा त्या पाण्याने उजळतो. मात्र तिचे काम थांबवू नका. धुऱ्यावर भाकर खायला बसली की विचारा. नाही म्हणाली तर कॅमेरा खिशात घाला. बाहेरचे लोक गाडीतून येतात, न विचारता फोटो काढतात आणि नेतात. बायांना त्याचा राग येतो, आणि तो रास्त आहे.

फार जवळून फोटो काढू नका, नाक मोठे येते. चार हात दूर उभे राहा. माणूस ताठ बसला तर त्याला यंदाच्या धानाचे विचारा. विडी वळणाऱ्या बाईच्या हातात सूप द्या, मोहाडीकडच्या कोशाच्या विणकराला मागाशी बसू द्या. हाताला ओळखीचे काम मिळाले की चेहरा आपला आपण सैल होतो. घाई नको. पूर्वी बडोद्याला तयार होणाऱ्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका फिल्मवर १२च फोटो निघत. म्हणून काढणारा आधी पाही, मग बटण दाबी.

फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका. मोबाइल पडतो, फुटतो, विकला जातो. शहरात जाल तेव्हा कागदावर दोन प्रती काढा. एक ज्याचा फोटो त्याला, एक घरात. तसबीर करताना फोटो काचेला चिकटू देऊ नका. मध्ये पुठ्ठ्याची चौकट घाला, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून फोटो काचेला बसतो. चुलीच्या धुरापासून आणि उन्हापासून दूर टांगा.

आता तुम्हाला लिहिता येते. फोटोच्या मागे पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. शाई पुढे फुटते. चकचकीत कागदावर पेन्सिल उमटली नाही, तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती चौकटीच्या मागे लावा. माणसाचे पूर्ण नाव, गाव, महिना आणि साल. आजीचे नाव लिहिताना "अमक्याची आई" असे लिहू नका. तिला तिचे नाव विचारा आणि ते लिहा.