परमिट रूममधलं ‘परमिट’ नक्की कुणाचं?

आजचा विषय ऐकून काही जण घरच्यांसमोर पटकन हेडफोन लावतील. विषय दारूचा आहे. पिण्याचा नाही, देण्याचा.

‘परमिट रूम’ ही पाटी आपण सगळ्यांनीच वाचलीये. पण हे परमिट कुणाचं? मी कितीतरी वर्षं समजत होतो, मालकाचं. तर नाही, ते पिणाऱ्याचं. महाराष्ट्रात अजूनही 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. म्हणजे कागदोपत्री दारू बंद, आणि परवाना असेल त्याला सूट! पिणाऱ्याकडे एक दिवसाचं, एक वर्षाचं किंवा आजीवन परमिट हवं. बीअर-वाइनसाठी वय 21 पूर्ण, कडक दारूसाठी 25. मालकाकडे वेगळं लायसन्स लागतं, त्याला एफएल-3 म्हणतात. आणि तिथे दारू देणाऱ्या कामगारांसाठी एक्साइजकडून ‘नोकरनामा’ मंजूर करून घ्यावा लागतो.

आता हा नोकरनामा काय सांगतो? माणूस कोण आहे ते. त्याला काय येतं, ते नाही. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे.

एक गोष्ट सांगतो, आणि त्यात मी हिरो नाहीये. काही वर्षांपूर्वी आमची टीम पार्टी होती. सोबत 22 वर्षांचा इंटर्न. त्यानं व्हिस्की मागवली. कॅप्टननं हळूच विचारलं, “सर, वय किती?” आम्ही सगळे हसलो. कुणीतरी म्हणालं, “अहो, कंपनीत कामाला आहे, शाळेत नाही!” कॅप्टन ओशाळला आणि पेग घेऊन आला. हसणाऱ्यांमध्ये मीही होतो.

मग 19 मे 2024 ची पहाट आली. पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शनं एका बाईकला उडवलं. दोन तरुण इंजिनीअर गेले, आपल्याच फील्डमधले. गाडी चालवणारा 17 वर्षांचा होता आणि त्याआधी त्याला बारमध्ये दारू मिळाली होती, असं पोलिसांनी सांगितलं. बारशी संबंधित लोकांना अटकही झाली. बालन्याय कायद्याच्या कलम 77 नुसार 18 च्या आतल्या मुलाला दारू दिली तर 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

ती बातमी वाचल्यावर मला तो कॅप्टन आठवला. पुढे एकदा तिथेच जेवायला गेलो, तेव्हा त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, “साहेब, आम्हाला ट्रे धरायला शिकवतात, पेग मोजायला शिकवतात, महागातली बाटली कशी खपवायची तेही शिकवतात. नाही कसं म्हणायचं, ते कुणी शिकवलं नाही. आणि म्हटलंच, तर गिऱ्हाईक थेट मालकाला बोलावतं. टिप जाते. कधी कधी नोकरीही.”

बघा, फॉर्ममध्ये जन्मतारीख चुकली तर आपलं ॲप युजरला पुढे जाऊ देत नाही. इथे ते शेवटचं व्हॅलिडेशन एका माणसावर टाकलंय, आणि त्याच्या हातात एररचं बटणच दिलेलं नाही!

दुसरीकडे काय करतात? ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेल्या आपल्या मराठी पोरापोरींना विचारा. सिडनीत बारमध्ये पार्टटाइम काम करायचं, तर आधी आरएसए नावाचा कोर्स करावा लागतो. जबाबदारीनं दारू कशी द्यायची, याचा. ओळखपत्र कसं तपासायचं, माणसाला चढलीये हे कशावरून ओळखायचं, आणि भांडण न होऊ देता नकार कसा द्यायचा. कॅलिफोर्नियात 2022 पासून बारमध्ये दारू देणाऱ्यांना आणि त्यांच्या मॅनेजरना असंच प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. नोकरी लागल्यापासून 60 दिवसांत, आणि दर 3 वर्षांनी पुन्हा. पासिंगला 70 टक्के!

तिथे अपघात होत नाहीत, असं मी म्हणत नाही. पण तिथला वेटर म्हणू शकतो, “सॉरी, दिली तर माझं सर्टिफिकेट जाईल.” नकार त्याचा एकट्याचा राहत नाही, त्याच्यामागे नियम उभा असतो.

आपल्याकडे नोकरनामा आहेच की. त्यालाच एक दिवसाचं मराठी-हिंदीतलं प्रशिक्षण जोडलं तर? आणि नकार दिला म्हणून कामावरून काढता येणार नाही, अशी अट लायसन्समध्ये घातली तर? नवीन खातं काढायची गरज नाही.

हे होईल तेव्हा होईल. आपल्या हातात एक गोष्ट आजच आहे. पुढच्या वेळी कुणी वय विचारलं, तर हसू नका. ओळखपत्र काढा, दाखवा. आणि टेबलावर दुसरं कुणी हसलं, तर म्हणा, “अरे, त्याचं काम करतोय तो.”

मी त्या दिवशी हे म्हणालो नव्हतो. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, प्यायला असाल तर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या.