कापडी पंखांचे विमान



भाषण करण्याची मला सवय नाही. परंतु मी विलायतेत जाऊन कापडाच्या विमानात बसून आले, ही बातमी आर्वीत माझ्याआधीच पोहोचली, आणि बाजारात भेटेल ती मला तेच विचारू लागली. तेव्हा वर्धापनदिनाच्या निमित्ताने सर्वांना एकदाच सांगून टाकावे, म्हणून मी उभी आहे.

त्या विमानाचे नाव टायगर मॉथ. इंग्लंडातील डी हॅविलंड कंपनीचे हे विमान १९३१ साली प्रथम उडाले. वैमानिकांना शिकविण्यासाठी अशी आठ हजारांवर विमाने बांधली गेली. आपल्या वायुदलातील कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे याच विमानावर गिरविले. याला पंखांच्या दोन जोड्या असतात, एक वर आणि एक खाली. दोन कशाला, असे मलाही वाटले होते. त्याचे उत्तर सोपे आहे. लाकडाचा पातळ, हलका पंख एकटा असेल तर वाऱ्याच्या जोराने वाकेल. म्हणून दोन पंख घ्यायचे, मध्ये खांब उभे करायचे आणि तारांनी तिरपे ताणून बांधायचे. म्हणजे पुलाच्या सांगाड्यासारखे सारे ताठ राहते.

पंखाच्या लाकडी सांगाड्यावर कापड चढवून ते शिवतात आणि वरून एक प्रकारचे रोगण देतात. रोगण वाळले की कापड आक्रसते व ढोलकीच्या कातड्यासारखे ताणून बसते. पहिल्या महायुद्धात हे कापड बहुधा लिननचे असे. आपण ज्या जवसाची चटणी करतो, त्याच जातीच्या झाडाचा तो धागा. लिननची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेने आपल्या कापसाचे कापड विमानांना चढविले. आपण कापसाच्या मुलखातल्या बायका. हे ऐकून मला मोठे नवल वाटले. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कारखान्यांतून हे पंख शिवण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर स्त्रियांनी केले. टाका बायकांचा होता. उडणारे मात्र बहुतेक पुरुषच होते.

हिंदुस्थानात अशी आकाशसहल १९२९ च्या सुमारास आली. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा वैमानिक एका सोबत्यासह दोन दुपंखी विमाने घेऊन आला आणि गावोगावच्या लोकांना पैसे घेऊन फिरवू लागला. पुढे याच व्हिन्सेंटने जे. आर. डी. टाटांच्या जोडीने हवाई टपालाची योजना आखली, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी स्वतः कराचीहून मुंबईला टपाल आणले. आपल्या विदर्भाशीही टपालाच्या विमानांचे नाते जडले. १९४९ पासून काही वर्षे दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परत जात.

या साऱ्यात स्त्रिया नव्हत्या असे नाही. १९३६ साली लाहोरला सरला ठकराल या एकवीस वर्षांच्या तरुणीने साडी नेसून जिप्सी मॉथ हे दुपंखी विमान एकटीने चालविले. तेव्हा तिला चार वर्षांची मुलगी होती. १९८५ साली कलकत्ता–सिलचर मार्गावर सर्व कर्मचारी स्त्रिया असलेले प्रवासी विमान नेले, त्याच्या कप्तान आपल्या मराठी सौदामिनी देशमुख होत्या.

आता माझे सांगते. मुलाकडे इंग्लंडला गेले असता आम्ही केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला गेलो. पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनचे ते विमानतळ आहे. आता तेथे मोठे संग्रहालय आहे, आणि टायगर मॉथमधून प्रवाशांना फिरवूनही आणतात. मुलाने विचारले, “आई, बसतेस का?” मी सवयीने म्हणाले, “तुम्ही बसा रे, मी पिशव्या सांभाळते.”

भगिनींनो, हे वाक्य आपल्यापैकी कोणी म्हटले नाही असे होणे नाही. जत्रेत पाळणा असो, नदीत नाव असो, गडाची चढण असो. खाली पिशव्या घेऊन बसलेली एक बाई असतेच. तेवढ्या पैशांत घरात काय काय येईल, याचा हिशेबही मी मनात करून ठेवला होता. पण माझी सून म्हणाली, “आई, आज पिशव्या मी धरते. पुढच्या वेळी मी बसेन आणि पिशव्या हे धरतील.” मग मला दुसरी सबब उरली नाही.

त्यांनी कातडी टोपी, डोळ्यांवर मोठा चष्मा आणि जाड अंगरखा दिला. खालच्या पंखावर पाय देऊन चढावे लागते. पण पाय ठेवायचा तो आखून दिलेल्या काळ्या पट्टीवरच, कारण इतरत्र नुसते कापड! त्या वेळी मला आईची कासोट्याची नऊवारी आठवली. त्या चढणीला तिच्याइतका सोयीचा पोशाख नाही. विमानाला छप्पर नाही. आणि गंमत अशी, की प्रवासी पुढे बसतो आणि वैमानिक मागे. पुढची जागा विमानाच्या तोलाच्या बिंदूजवळ आहे. तेथे कोणी बसो न बसो, तोल फारसा बदलत नाही. माणूस दिसत नाही, फक्त कानात त्याचा आवाज येतो.

हिरवळीवर थोडे धावून ते उठले. भीती वाटली, हे लपवीत नाही. तारा वाऱ्यात गुणगुणत होत्या. परंतु त्या तारा कशासाठी आहेत, कापड कसे ताणले आहे, हे आधी विचारून घेतले होते. त्यामुळे डोळे मिटावेसे वाटले नाही. खाली गव्हाची शेते चौकोनी घड्या घातल्यासारखी होती. ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर एवढाच वेग. तरी आपली बंद झालेली शकुंतला पुलगावपर्यंतच्या पस्तीस किलोमीटरांना किती वेळ घेई ते आठवा. हे विमान पाव तासात पोहोचले असते!

आता कोणी म्हणेल, यात मंडळाला काय लाभ? एकच सांगते. भीती पुष्कळदा अज्ञानाची असते आणि संकोच सवयीचा. पहिलीवर उपाय म्हणजे विचारणे. दुसरीवर, कोणीतरी पिशव्या घेणे. मंडळाच्या पुढच्या सहलीत पिशव्यांची पाळी ठरवून घ्यावी, अशी माझी सूचना आहे; आणि प्रत्येक घरातही ती पाळी असावी. सुनेला, लेकीला, सासूलाही “आज मी धरते, तू जा” असे आपण म्हणू लागलो, तर त्यासाठी विलायतेला जावे लागणार नाही.