डबा निघाला आकाशातून

परंड्याहून सोलापूरला शिकायला गेलेल्या मुलाचा डबा एस.टी.ने कसा जायचा, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. कंडक्टरच्या हाती डबा द्यायचा, बार्शीला तो दुसऱ्या गाडीत चढायचा. रस्ता ठरलेला, स्टँड ठरलेलं. पण समजा, बार्शीचं स्टँडच पळू लागलं तर?

उपग्रहांवरून येणाऱ्या इंटरनेटचं नेमकं हेच आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम यांच्याबरोबर आपल्या धाराशिवचंही नाव त्यात घेतलं गेलं. म्हणून आज हा विषय मी निवडला.

टीव्हीच्या डिशला दिसणारा उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो आणि आपल्याला एकाच जागी भासतो. हे नवे उपग्रह साधारण साडेपाचशे किलोमीटरवर. त्यामुळे निरोप लवकर पोचतो. पण सुमारे दीड तासात पृथ्वीभोवती फेरी मारणारा हा उपग्रह काही मिनिटांतच आपल्या टप्प्याबाहेर जातो. बोलणं तुटू नये म्हणून लगेच दुसरा धरावा लागतो. उपग्रह एकमेकांशी लेसरने जोडलेले असतात. त्या जोडण्याही बदलत राहतात.

मग वाट शोधायची कशी? गंमत अशी की, कोणता उपग्रह कधी कुठे असेल हे गणिताने आधीच कळतं. त्यामुळे वाटांचं वेळापत्रक आगाऊ मांडता येतं. नेमकं सांगता येत नाही ते गर्दीचं आणि बिघाडाचं. सगळे निरोप जवळच्याच वाटेने निघाले तर ती तुंबते. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांसाठी सोलापूर रस्त्यावरची वाहनं वळवतात, तसे काही निरोप लांबून धाडावे लागतात. बिघाडावर तर तोडगा तिथल्या तिथे निघावा लागतो.

शेवटी निरोप जमिनीवर उतरायला हवा, आणि आपल्या नियमांप्रमाणे तो भारतातल्याच भूकेंद्रात. आकाशात उपग्रह कितीही असोत, भूकेंद्र अडलं की सारं अडलं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला. अशा वेळी गावच्या दवाखान्याला तारेवाचून चालणारी दुसरी वाट हवी. उपग्रह ती देऊ शकतात. मात्र इरादापत्र म्हणजे जोडणी नव्हे. गर्दी झाली तर आधी वाट कुणाला, दवाखान्याला की सिनेमाला, हे आपण आतापासूनच विचारलं पाहिजे. भुकेच्या वेळी पोचला नाही, तर डब्याचा काय उपयोग?